घरासाठी गेमिंग कन्सोल घ्यायचा आहे, पण कोणता?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा सहावा भाग १९ नोव्हेंबर २०२६ रोजी येणार, असे त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केल्यापासून मुंबईतल्या अनेक घरांत एक जुना विषय नव्याने निघाला आहे. त्या घोषणेत प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या दोनच यंत्रांची नावे होती. संगणकाचा किंवा मोबाईलचा उल्लेख नव्हता. साहजिकच मुले कन्सोल मागू लागली. आईवडील दुकानात गेले की पन्नास हजारांच्या पुढची किंमत आणि ‘फोर-के’, ‘एकशेवीस हर्ट्झ’, ‘टेराबाइट’ असे शब्द एकदमच त्यांच्या अंगावर येतात. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या ताईने गेल्या महिन्यात याच गोंधळातून मला फोन केला. “तू हे खेळतोस, तर तूच सांग, यातला चांगला कोणता?” तिच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता आले नाही, कारण हा प्रश्न निम्माच होता. उरलेला निम्मा प्रश्न तिच्या घराविषयीचा होता, आणि तो आधी सोडवावा लागतो.

कन्सोल म्हणजे नेमके काय

कन्सोल हा टीव्हीला जोडायचा, मुख्यतः खेळ चालवण्यासाठी बनवलेला संगणक होय. साध्या संगणकापेक्षा त्याचे वेगळेपण एवढेच की त्याचे आतले भाग ठरलेले असतात. मोदकाचे उदाहरण घेऊ. हाताने कळ्या पाडलेला प्रत्येक मोदक थोडा निराळा होतो. साच्यातले मात्र सगळे सारखे उतरतात. संगणकावर खेळ बनवणाऱ्याला हजार तऱ्हांच्या यंत्रांचा विचार करावा लागतो, तर कन्सोलसाठी बनवणाऱ्याला साचा आधीच ठाऊक असतो आणि तो आपला खेळ त्यात बरोबर बसवतो. म्हणूनच २०२० साली बाजारात आलेल्या यंत्रावर २०२६ सालचा खेळही चालू शकतो, आणि घेणाऱ्याला आतल्या भागांची चिंता करावी लागत नाही.

हा साचा कंपन्या साधारण सात-आठ वर्षांनी बदलतात, त्याला ‘पिढी’ म्हणतात. सोनीचे प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस ही यंत्रे नोव्हेंबर २०२० मधली आहेत. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. निन्टेन्डो कंपनीचे स्विच २ हे जून २०२५ मधले, म्हणजे बरेच नवे आहे.

किंमत खोक्याची आणि खर्च खात्याचा

ताईला मी सर्वांत आधी जे सांगितले ते हेच की कन्सोल घेणे म्हणजे एका दुकानात खाते उघडणे आहे, आणि ते खाते पुढची सहा-सात वर्षे चालणार आहे. आपल्या गल्लीतला किराणा दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला एखादी वस्तू खरेदीच्या भावात देतो, कारण महिन्याचे सामान तिथूनच भरले जाईल हे त्याला माहीत असते. कन्सोलचा धंदा याच हिशेबावर उभा आहे. एक्सबॉक्सचे यंत्र कधीही नफ्यात विकलेले नाही, अशी साक्ष मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी २०२१ साली अमेरिकेतल्या न्यायालयात दिली होती. सोनीलाही डिस्कवाले, म्हणजे खेळाची तबकडी घालता येणारे, प्लेस्टेशन ५ सुरुवातीला तोट्यात विकावे लागत होते. कंपनीची कमाई होते ती खेळांच्या विक्रीवर, कारण तिच्या ऑनलाइन दुकानात दुसऱ्या कोणाचा खेळ विकला गेला तरी त्यातला मोठा वाटा, रूढ पद्धतीने सुमारे तीस टक्के, तिच्याकडे जातो.

आता घरातला हिशेब पाहा. एप्रिल २०२४ मध्ये भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या बारीक (स्लिम) आवृत्तीची किंमत डिस्कच्या सोयीसह ५४,९९० रुपये होती. मोठ्या कंपनीचा नवा खेळ साधारण चार ते पाच हजारांना पडतो. वर्षाला तीनच खेळ घेतले, तरी पाच वर्षांत पंधरा खेळांचे साठ हजारांच्या वर होतात. म्हणजे दुकानाच्या काचेमागची किंमत पाहून आपण जो निर्णय घेतो, तो एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी भागाचा असतो. याखेरीज बहुतेक विकतच्या खेळांत इंटरनेटवरून इतरांशी खेळायचे असेल, तर तिन्ही कंपन्या वेगळी वर्गणी घेतात. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर फोर्टनाइटसारख्या मोफत खेळांना ती लागत नाही, आणि अनेक मुले हेच मोफत खेळ सर्वाधिक खेळत असल्यामुळे वर्गणी पहिल्याच दिवशी भरण्याची घाई करू नये.

डिस्क की डिजिटल

माझ्या मते घेणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि दुकानात त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. डिजिटल आवृत्तीत डिस्क घालायची सोय नसते. खेळ कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेऊन इंटरनेटवरून उतरवायचे असतात. ती स्वस्त असते. वर सांगितलेल्या प्लेस्टेशनची डिजिटल आवृत्ती ४४,९९० रुपयांना आली होती, म्हणजे दहा हजारांचा फरक होता. हे दहा हजार वाचवण्याचा मोह स्वाभाविक आहे.

परंतु डिस्क म्हणजे घरातले स्वतःचे पुस्तक असते. ते वाचून झाल्यावर शेजाऱ्याला देता येते, बदल्यात त्याचे आणता येते, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता येते. डिजिटल खेळ आपल्या खात्याला चिकटलेला असतो. तो आवडला नाही तरी तिथेच राहतो, आणि तो घेण्यासाठी दुसरे दुकानही उरत नाही. समजा, साडेचार हजारांची डिस्क खेळून झाल्यावर अडीच हजारांना विकली गेली, तर खेळ दोन हजारांत पडला; असे चार-पाच व्यवहार झाले की दहा हजारांचा फरक भरून निघतो. मुंबईत सेकंड हँड डिस्कची देवघेव भरपूर चालते. एकाच सोसायटीत चार मुलांकडे एकाच जातीचे यंत्र असेल, तर त्यांचे मिळून एक छोटे वाचनालयच तयार होते.

याला काही मर्यादा आहेत आणि त्या लपवणे योग्य नाही. डिस्क घातली तरी अनेक खेळ सुरुवातीला बराच मजकूर इंटरनेटवरून उतरवतात. स्विच २ चे काही खेळ तर अशा कार्डावर येतात की ज्यात खेळ नसतोच. केवळ तो उतरवून घेण्याची किल्ली असते. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची सोय नाही आणि ती नंतरही जोडता येत नाही. प्लेस्टेशनच्या बारीक डिजिटल आवृत्तीला मात्र डिस्कचा भाग नंतर विकत घेऊन बसवता येतो. तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते.

डाउनलोडचा अंदाजही आधीच घ्यावा. शंभर गिगाबाइटचा खेळ ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर तो उतरायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, पन्नासच्या जोडणीवर साडेचार तास. सिरीज एसच्या मूळ आवृत्तीत ५१२ गिगाबाइट जागा असल्याचे छापलेले असते, पण प्रत्यक्ष वापरायला सुमारे ३६४ मिळते; म्हणजे असे मोठे खेळ तीनच मावतात आणि चौथ्यासाठी एक काढावा लागतो. जागा वाढवायची तर प्लेस्टेशनमध्ये बाजारात मिळणारी ठरावीक वेगाची एसएसडी (साठवणीचा सुटा भाग) बसते, एक्सबॉक्सला त्याच्याच घडणीचे वेगळे कार्ड लागते, आणि स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस या नव्या जातीचेच कार्ड चालते. घरात पडलेले जुने मोबाईलचे कार्ड त्याला उपयोगी नाही.

महिन्याचा पास काढावा का

एक्सबॉक्सचा गेम पास आणि प्लेस्टेशन प्लसच्या वरच्या श्रेणी या सोयींत ठरावीक वर्गणी भरली की शेकडो खेळ खेळता येतात. हा हिशेब लोकलच्या पाससारखाच आहे. रोज कामावर जाणाऱ्याला पास परवडतो. महिन्यातून दोनदा प्रवास करणाऱ्याने तिकीट काढलेले बरे. जो मुलगा वर्षभर एकच क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा खेळ खेळतो, त्याच्यासाठी शेकडो खेळांची वर्गणी वाया जाते. ज्याला दर पंधरा दिवसांनी नवे काही हवे असते, त्याच्यासाठी तीच सर्वांत स्वस्त वाट ठरते. मात्र पास संपला की प्रवास संपतो, तसे वर्गणी थांबली की यादीतले खेळ बंद होतात, आणि यादीतून खेळ अधूनमधून काढलेही जातात. शिवाय दर कंपनीच्या हातात असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पासच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा अमेरिकेतला मासिक दर १९.९९ वरून २९.९९ डॉलरवर गेला.

मित्र कोणत्या मार्गावर आहेत

काही खेळ एकाच कंपनीच्या यंत्रावर मिळतात. त्यांना ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणतात. मारिओ, झेल्डा आणि पोकेमॉनचे मोठे खेळ हवे असतील तर निन्टेन्डोला पर्याय नाही. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ प्लेस्टेशनवरच आहे. मायक्रोसॉफ्टने मात्र अलीकडे आपले दरवाजे उघडले आहेत आणि ‘फोर्झा होरायझन ५’ हा तिचा गाजलेला खेळ एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशनवरही आला. त्यामुळे केवळ खेळांच्या नावांसाठी एक्सबॉक्स घेण्याचे कारण पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही. त्याचे बळ आता गेम पासमध्ये आणि जुन्या एक्सबॉक्सचे अनेक खेळ चालवण्याच्या क्षमतेत आहे.

मुलांच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न असतो तो मित्रांचा. एक जण बोरिवलीचा आणि दुसरा घाटकोपरचा असेल, तर एकाची पश्चिम रेल्वे आणि दुसऱ्याची मध्य. दोघांना गाठ घालून देणारे स्थानक दादर. खेळांच्या जगात या दादरला ‘क्रॉस-प्ले’ म्हणतात, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरून एकाच सामन्यात खेळण्याची सोय. फोर्टनाइटमध्ये ती आहे, लोकप्रिय फुटबॉल खेळातही एक्सबॉक्स सिरीज आणि प्लेस्टेशन ५ मध्ये ती आहे. परंतु प्रत्येक खेळाला दादर नसते. शिवाय डिस्कची अदलाबदल तर एकाच मार्गावरच्या प्रवाशांमध्येच होते. म्हणून मुलाला एक साधा प्रश्न विचारावा की तुझे मित्र कशावर खेळतात. मला तरी तांत्रिक तक्त्यांपेक्षा या प्रश्नाचे उत्तर अधिक वजनदार वाटते.

एकच टीव्ही, एकच हॉल

परदेशी परीक्षणांत हा मुद्दा कधी येत नाही, पण मुंबईत तो निर्णायक ठरतो. ताईच्या घरात एक टीव्ही आहे. संध्याकाळी सातपासून तो सासूबाईंच्या मालिकांचा असतो, त्यानंतर बातम्यांचा, आणि क्रिकेट असले की कोणाचाच नाही, सगळ्यांचा. अशा घरात पन्नास हजारांचे यंत्र आणून ते दिवसाकाठी अर्धा तासच चालणार असेल, तर मुलाच्या तोंडचा हिरमोड आणि आईवडिलांचा पश्चात्ताप दोन्ही ठरलेले आहेत.

स्विच २ ला स्वतःचा ७.९ इंचांचा पडदा आहे. टीव्ही मोकळा असेल तेव्हा त्याला जोडावे, नसेल तेव्हा हातात घेऊन पलंगावर बसावे. टीव्हीवरून भांडणे होणाऱ्या घरासाठी तांत्रिक ताकदीत कमी असलेले हेच यंत्र सर्वांत उपयोगी असू शकते. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सनाही एक पळवाट आहे. ‘रिमोट प्ले’ या मोफत सोयीने यंत्रावरचे चित्र वायफायवरून मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर पाठवता येते. घरातले वायफाय भक्कम असेल तर ती चांगली चालते. जुन्या इमारतींच्या जाड भिंतींतून ती अडखळते, हे मी स्वतःच्या गिरगावच्या घरात अनुभवले आहे.

टीव्ही नवा घ्यावा लागेल का, असेही ताईने विचारले. नाही. फोर-के म्हणजे पडद्यावर फुल एचडीच्या चौपट ठिपके, आणि एकशेवीस हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारे चित्र. ही दोन्ही सुखे नव्या टीव्हीवरच मिळतात, पण तिच्या ४३ इंची फुल एचडी टीव्हीवरही प्रत्येक कन्सोल चालतो आणि छान दिसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो मात्र जरूर सुरू करावा, म्हणजे बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांतला उशीर कमी होतो. मालिका पाहताना कधी न जाणवणारा हा उशीर खेळताना फार बोचतो.

जागेचेही पाहावे. २०२० सालचे मूळ प्लेस्टेशन ५ सुमारे ३९ सेंटीमीटर उंच आणि साडेचार किलोचे होते. बारीक आवृत्ती थोडी लहान आहे, पण शोकेसच्या बंद कप्प्यात ती कोंबू नये. मुंबईची धूळ, दमट हवा आणि मे महिन्याचा उकाडा यांत यंत्राला चारही बाजूंनी मोकळी हवा लागते. वीज फार खात नाही. मोठा खेळ चालू असताना प्लेस्टेशन ५ ला साधारण दोनशे वॉट लागतात, म्हणजे पाच तासांना एक युनिट. स्विचला त्याहून कितीतरी कमी.

‘इम्पोर्टेड पीस’ स्वस्त मिळतो, तो घ्यावा का

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, किंवा हाजी अलीच्या हिरा पन्नात फिरलेल्या कोणालाही हा शब्द नवा नाही. निन्टेन्डोच्या बाबतीत तर दुसरा मार्गच फारसा नाही. ही कंपनी आपले यंत्र भारतात अधिकृतपणे विकत नाही. स्विच येतो तो बाहेरून आणलेला, हमी असते ती विकणाऱ्याच्या शब्दाची, आणि कंपनीच्या ऑनलाइन दुकानाचे भारतीय दालन नसल्यामुळे खाते दुसऱ्या देशाच्या नावाने उघडून परकीय चलनात पैसे भरावे लागतात. हे सगळे करून लाखो लोक आनंदाने खेळतात, पण बिघाड झाला तर कोणाकडे जायचे हे घेण्याआधी ठरवलेले असावे. चार्जरची काळजी नको. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलावी लागते.

एका सापळ्याची कल्पना मात्र द्यायलाच हवी. स्विच २ ची जपानमध्ये विकली जाणारी एक आवृत्ती जून २०२५ मध्ये ४९,९८० येनला आली, आणि अनेक भाषांची आवृत्ती ६९,९८० येनला. स्वस्त आवृत्ती फक्त जपानी भाषेत चालते आणि तिला जपानी खातेच जोडता येते. सोनीनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानपुरते असेच एक स्वस्त डिजिटल प्लेस्टेशन ५ आणले. असा नग कमी किमतीत समोर आला, तर तो घरी आणल्यावर इंग्रजीत बदलता येत नाही. म्हणून दुकानातच यंत्र सुरू करायला सांगून भाषांची यादी उघडून पाहावी. सेकंड हँड यंत्र घेताना ते इंटरनेटला जोडून कंपनीच्या ऑनलाइन दुकानात शिरता येते का, हेही तिथेच तपासावे, कारण चोरटे खेळ चालवलेल्या यंत्रांवर कंपन्या कायमची ऑनलाइन बंदी घालतात. मी स्वतः काही वर्षांपूर्वी हे न तपासता बिलाशिवाय एक जुने यंत्र घेतले, आणि तिसऱ्या दिवशी विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. पक्के बिल आणि भारतातली एक वर्षाची हमी यांना दोन-चार हजार जास्त द्यावे लागले तर ते द्यावेत.

थांबलो तर स्वस्त होईल का

पूर्वी व्हायचे. प्लेस्टेशन २ हे २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला आले, २००२ मध्ये १९९ वर आणि २००९ मध्ये ९९ वर उतरले. या पिढीत उलटे घडले. २०२० साली ४९९.९९ डॉलरला आलेले प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे ५४९.९९ डॉलरचे झाले, एक्सबॉक्सच्या किमतीही त्याच वर्षी वाढल्या. चलनाचे दर, आयातकर आणि सुट्या भागांच्या किमती ही कारणे आहेत. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने मेमरी चिपही महागल्या. दिवाळीसारख्या सणांच्या सवलतीसाठी थांबणे ठीक, पण दोन वर्षे थांबून किंमत निम्मी होईल ही आशा धरू नये.

त्यापेक्षा लॅपटॉप घेतला तर?

अभ्यासासाठी लॅपटॉप लागणारच असेल तर हा विचार रास्त आहे. मात्र मोठे खेळ नीट चालवणाऱ्या लॅपटॉपला वेगळी ग्राफिक्स चिप लागते आणि तो कन्सोलपेक्षा महाग पडतो. साध्या लॅपटॉपवर हलके खेळ चालतील. ज्या खेळासाठी मुलाने हट्ट धरला आहे तो बहुधा चालणार नाही.

सरकारने ऑनलाइन खेळांवर बंदी घातली ना?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली. कन्सोल घेणे, खेळ विकत घेणे किंवा मित्रांशी ऑनलाइन सामना खेळणे यांचा त्या बंदीशी संबंध नाही.

आणि मुलांच्या सवयींचे काय

ही काळजी खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. तिन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर मुलाचे वेगळे खाते काढून रोजचे तास ठरवता येतात, वयाची मर्यादा घालता येते आणि खरेदीला कुलूप लावता येते. पहिल्या दिवशी, खोके उघडल्याबरोबर, आईने किंवा बाबांनी स्वतः बसून हे करावे. नंतर ते राहून जाते. डिस्कच्या वेष्टनावरचा ३, ७, १२, १६, १८ हा आकडा खेळाच्या अवघडपणाचा नसून वयाचा असतो. ज्या मालिकेपासून हा सगळा विषय निघाला, तिचा मागचा भाग १८ वर्षांवरच्यांसाठी होता. ताईचा मुलगा बारा वर्षांचा आहे. हे ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे तो खेळ नाहीच. मग यंत्र कशासाठी हवे, ते त्यालाच विचारते.”

त्याने सांगितले, फुटबॉल. इमारतीतल्या तीन मित्रांकडे प्लेस्टेशन ५ होते, त्यामुळे दुसऱ्या यंत्राचा विचार तिथेच थांबला. डिस्कवाले घेतले, पक्क्या बिलावर. टीव्हीची वाटणी शनिवार-रविवार दुपार अशी ठरली, बाकीच्या दिवशी लॅपटॉपवर रिमोट प्ले. फुटबॉलची पहिली डिस्क त्यांनी विकत घेतलीच नाही; ती बी विंगमधल्या मित्राकडून आली.